चौदा सुया

"कुत्रा सापडला असता तर एवढ्या सुया लागल्या नसत्या," डॉक्टर पुन्हा म्हणाले आणि त्यांनी बंडोपंतांच्या पोटात तिसरी सुई टोचली.

मीराला ते पाठ झालं होतं. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिला, तर सुया बंद. नाहीसा झाला, तर पोटात रोज एक, अशा चौदा. आणि बाबांनी पाळलेला खंड्या एवढा शहाणा, की चावायचं ते चावला आणि त्याच दिवशी पसार झाला. बाबांनी शेजारच्या कमलाबाईंकरवी तार केली, म्हणून ती नागपूरहून पुलगावला धावत आली. आई गेल्यावर दोन वर्षांत पहिल्यांदाच. याची तिला लाज वाटत होती.

दवाखान्यातून आलं की ती कुत्र्याच्या शोधात निघे. गिरणीची चाळ, स्टेशन, बाजार, सगळं पालथं घातलं. म्हाताऱ्या माणसाच्या पोटाची अशी चाळण झालेली तिला बघवत नव्हती.

"वैशाखाच्या उन्हात कशाला वणवण करतेस? बस जरा माझ्याजवळ," बाबा म्हणत.

"खंड्या मिळाला तर तुमचे हाल थांबतील ना!"

"गेला तो. जाऊ दे."

बाबा भारी सोशिक. सुई टोचताना हूं नाही की चूं नाही. घरी पोट धरून बसत, आणि तरी तिच्या हातची एक भाकरी जास्तच खात. ती नुसती स्वयंपाकघरात गेली, तरी "मीरा, आहेस ना?" अशी हाक येई.

चौदावी सुई झाली. दुसऱ्या दिवशी बस सुटताना बाबांनी धरलेला खिडकीचा गज त्यांना सोडवेना. कंडक्टर खेकसला तेव्हा कुठे हात सुटला. मीराला भडभडून आलं.

वाटेत केळझरला ती उतरली. बाबा वाचले म्हणून गणपतीला नारळ फोडायचा होता. देवळाजवळ रूपरावांचं नारळाचं दुकान होतं. रूपराव म्हणजे बाबांच्या कचेरीतले जुने शिपाई. तिने नारळ मागितला, तोच दुकानामागून एक कुत्रा साखळी ताणून, शेपटी हलवत तिच्याकडे झेपावला. खंड्याच! चांगला गुटगुटीत.

"रूपराव, हा इथे कसा?"

रूपराव ओशाळले.

"पंतांनी सोताच आनून बांधला, बाई. चावला त्याच दिवशी. कोनाले सांगू नोको म्हने, पोरगी येऊन परत गेली का घेऊन जातो."