बिनचूक ठोके

कंपवाताने घड्याळजीचं दुकान बंद पाडलं होतं, पण डोळ्याला लावायचं भिंग अजून खिशात असायचं. दवाखान्यात शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. तिलाही तोच आजार. दोघांच्या हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाच्या पट्ट्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर येताच त्याने भिंग लावलं. बहिणीचे ठोके कुठे दाटीवाटीने तर कुठे लांब पडले होते. "ताई, तुझं यंत्र बिघडलंय गं! डॉक्टरबाई, हिला वाचवा. माझं बघा, कसं बिनचूक!" डॉक्टरबाईंनी त्याचीच पट्टी उचलली. "काका, हृदय म्हणजे घड्याळ नव्हे. श्वासाबरोबर, भीतीबरोबर ते कमीजास्त व्हायलाच हवं. यांचं होतंय. तुमचं हृदय श्वासाचं, भीतीचं ऐकेनासं झालंय. या आजारात पुरुषांमध्ये हे जास्त दिसतं." घड्याळजीला दरदरून घाम फुटला. त्याने थरथरतं बोट मनगटावर टेकवलं. प्राण कंठाशी आले होते. नाडी मात्र बिनचूक चालली होती.