शिकलेला श्वास

रुग्णालयात पंधरा दिवसांनी वासुदेव खोतांच्या छातीवरचा, श्वास चालवणारा पट्टा काढला आणि ते आपले आपण श्वास घेऊ लागले. विषाणूनं पोखरलेली फुप्फुसं आता सावरली होती. पलंगाशी बसलेल्या कुंदाताई मात्र कान देऊन ऐकत राहिल्या.

"हा यांचा श्वास नाही," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं शेजारी झोपतेय मी. श्वास सोडला की हे जरा थांबतात."

फिजिओथेरपिस्ट रेश्मा तांबोळी संकोचली. "माझा आहे. त्यांच्या पट्ट्याला जोडलेला दुसरा पट्टा रोज मी माझ्या छातीवर बांधायचे. माझी छाती हलेल तशी त्यांची हलायची. थकलेल्या स्नायूंनी तीच लय उचलली."

"मग यांची?"

"परत येईल की नाही, खरंच माहीत नाही, ताई."

तिचे उपकार मानावेत की तिच्यावर चिडावं, कुंदाताईंना समजेना. रेश्मा आणि वासुदेव एकाच वेळी श्वास घेत होते, एकाच वेळी सोडत होते.

वासुदेवांनी डोळे उघडले. "कुंदा, घरी कधी जायचं?" आवाज त्यांचाच होता.

"डॉक्टर म्हणतील तेव्हा," असं म्हणत कुंदाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला. पण घरी या श्वासाशेजारी आपल्याला झोप लागेल का, हे काही त्यांना सांगता आलं नसतं.