एकच कोरडा डबा

"कॅमेरा, दोन्ही लेन्स, ओल शोषणाऱ्या पुड्या," असं पुटपुटत शाल्मलीनं पाणबंद डब्याच्या कड्या दाबल्या. ती आणि बाबा धरणातल्या बेटावर तंबूत मुक्कामाला निघाले होते. तिला पहाटेचे फोटो हवे होते, बाबा हौसेनं वल्हं मारायला आले होते.

बेटापाशी वाऱ्यानं होडी कलंडली. पाणी कमरेएवढंच होतं, पण बाबा डोक्यासकट भिजले. शाल्मलीनं आधी डबा उचलला आणि काठावर नेऊन उघडला.

"बाबा, सगळं कोरडं आहे!"

बाबा नुसते हसले. मग त्यांनी कानातलं श्रवणयंत्र काढून झटकलं. त्यातून पाणी गळलं.

"तुझं काही भिजलं नाही ना?" त्यांनी ओरडूनच विचारलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या पुड्या आता यंत्रालाच लागणार होत्या, म्हणून तिनं कॅमेरा आणि दोन्ही लेन्स बाहेर काढून ओलसर ओढणीत गुंडाळल्या. यंत्र पुसलं, पुड्यांमध्ये ठेवलं आणि डबा घट्ट लावला.

सकाळी लेन्समध्ये आतून वाफ धरली होती. फोटो गेलेच. बाबांनी यंत्र कानात बसवलं. तिनं भीत भीत, पण मोठ्यानं विचारलं, "ऐकू येतंय का?"

"ओरडू नकोस गं," बाबा कुजबुजले. "त्या झुडपामागं बदकं बोलतायत."