डिग्री कुणाचं ऐकते?

मांजरीशी रोज बोललं की ती आपली होते म्हणे! म्हणून महिनाभर शाळेतून आल्या आल्या मी गच्चीवर आमच्या डिग्रीला घरच्या मराठीत सगळं सांगत होते. ही कुंभकोणमच्या डिग्री कॉफीच्या रंगाची बया माझ्याकडे पाठ करून बसायची, मग कठड्यावरून पसार व्हायची. आज पलीकडे डोकावले, तर ती शेजारच्या तमिळ मामींच्या मांडीवर ऐसपैस! मामी पितळी वाटी पुढे करत म्हणाल्या, “पी गं शहाणे, रुसू नको!” माझेच शब्द! “मामी, तुम्हाला मराठी येतं?” मी ओरडलेच. “हिला तमिळ कळत नाही. तुझं ऐकून शिकले मी.” मामींनी हळूच विचारलं, “भांडलेली मैत्रीण आज बोलली तुझ्याशी?” हे मी फक्त डिग्रीला सांगितलं होतं. चिडावं की हसावं, कळेना. “नाही ना, मामी...” मी कठड्यावर बसले. डिग्रीने प्रथमच कान टवकारले.