वाघ किती हातांचा

मंगळवारी सकाळी नऊ वाजता रतिलाल भाटाचं तट्टू कौतिक पाटलांच्या दारात थांबलं. सव्वानऊला ओट्यावर वही उघडली गेली. ही वंशावळीची वही. भाट ती घेऊन बारा वर्षांतून एकदा यायचा, घरात जन्मलेल्यांची नावं चढवायचा आणि साठी उलटलेल्या कर्त्या पुरुषाच्या नावापुढे त्याच्या कर्तबगारीची एक ओळ लिहायचा. एकच. पुढच्या पिढ्यांना त्या माणसाबद्दल जे कळायचं ते त्या ओळीतून. साल एकोणीसशे सव्वीस. पाटलांना सदुसष्टावं लागलं होतं. पुढच्या फेरीपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती, गुडघ्यांची नव्हती.

भाटाने रिवाजाप्रमाणे आधीच्या ओळी मोठ्याने वाचल्या. पणजा : एकट्याने अकरा पेंढारी वेशीवरून पिटाळले. आजा : नुसत्या कुऱ्हाडीने वाघ मारला. बाप : पांझरेच्या पुरातून घोडा स्वारासकट बाहेर काढला.

"आता तुमचं बोला, आबा."

पाटलांनी आपली ओळ बारा वर्षं घोळवून ठेवली होती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "लिख. कौतिकनी सोनगीरना डोंगरमा वाघ मारा. नऊ हातना."

वहीला कुंकू लावून शेजारी बसलेली त्यांची बायको ताईबाई खुदकन हसली.

"वाघ उना, नालावर पानी पिना, आनि चालना गया," ती म्हणाली. "ह्या मचानवरथीन दोन दिन उतरनात नहीत."

"तुले काय माहीत?"

"भाकर खालथीन कोन फेके? मीच नं!"

भाटाने टाक खाली ठेवला. वहीची रीत कडक होती. ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो समोर बसून नाही म्हणत असेल, तर ओळ चढत नसे.

"मंग आजाना वाघ कसा चढना?" पाटील उसळले.

"तवय आजी माहेरले गयेल व्हई," ताईबाई म्हणाली.

अंगणात बैलांना कडबा टाकणाऱ्या निंबा सालदाराने घाईघाईने तोंड गोठ्याकडे वळवलं.

"अक्का, मग तुम्हीच सांगा," भाट म्हणाला. "जागा कोरी ठेवता येत नाही."

ताईबाईला आठवावं लागलं नाही. "लिख. पिलेगना सालले बठ्ठी गल्ली आडवी पडनी. कोनी पाय टाके ना. ह्यासनी अडीच महिना रोज बत्तीस घरसले पानी भरं. हंडा डोकावर लिसन."

"डोकावर नही! खांदावर!"

"चुंबळ मी करी देयेल व्हती."

भाटाचा टाक वहीकडे निघाला, तसं पाटलांनी त्याचं मनगट धरलं. "खबरदार! बायासनं काम शे ते. पनजानी पेंढारी पिटाळात, आजानी वाघ मारा, बापनी घोडा काढा, आनि मी हंडा भरा? नातू-पनतू काय वाचतीन? कौतिक पानक्या!"

"आबा म्हणतात ते बरोबर आहे," भाट म्हणाला. "पाणी काय, सगळेच भरतात. वहीत शोभायचं नाही."

"बठ्ठाच भरतस?" ताईबाई त्याच्यावर घसरली. "तुना बापनी भरं व्हतं का?"

रतिलालच्या बापाबद्दल वहीत काहीच नव्हतं. त्याने टाकाचं टोक पुसलं.

पणजा, आजा, बाप यांच्या भरलेल्या ओळींखालच्या रिकाम्या जागेकडे पाटील बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोरं कळत होतं.

ताईबाईने नवऱ्याचं तोंड पाहिलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिने पदर डोक्यावर घेतला.

"निंबा, गाडी जुप. मी माहेरले जाई येस."

"आते?" पाटील म्हणाले. "तठे शे कोन तुनं?"

"भाचसून शे. तवलगून काय लिखनं ते लिखी ल्या."

तिचं माहेर सोनगीर, दोन कोसांवर. दहाला गाडी वेशीबाहेर पडली. भाटाने टाक दौतीत बुडवून 'कौतिक' एवढं लिहिलं आणि मान वर केली.

"हं, आबा. आता हरकत घेणारं कोणी नाही. वाघ किती हातांचा?"

"नऊ," पाटील म्हणाले. त्यांची नजर गाडीमागच्या धुळीवर होती. टाक टेकणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. सात लिख."

"सात."

"पाच. सांजले परत येई ती."

"आबा, पाच हातांत तरस बसतं. वाघ बसत नाही."

पाटील विचारात पडले. टाकावरची शाई दोनदा सुकली. साडेदहाच्या सुमारास भाटाला तहान लागली. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पाटील स्वतः उठले. रांजणाचा तळ लागलेला होता. त्यांनी कोपऱ्यातला हंडा उचलला.

अकरा वाजता ते विहिरीवरून निघाले. वाटेवर कोणी नाही असं दोनदा बघून त्यांनी भरलेला हंडा डोक्यावर घेतला. ओट्यावर वही उघडीच होती, आणि 'कौतिक'च्या पुढे तेव्हापर्यंत काही लिहिलेलं नव्हतं.