मोज्यांतला बिघाड

सुकेशिनीने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. वर्षभर याच मोज्यांनी तिचे हात धरून तिला डंपरचं इंजिन खोलायला शिकवलं होतं. मडावी उस्तादांच्या हातांची तीस वर्षांची सवय त्यांच्यात भरलेली होती. आजची परीक्षा मात्र नुसत्या हातांनी द्यायची होती, आणि समोर परीक्षक म्हणून स्वतः उस्ताद बसले होते. ती त्यांना पहिल्यांदाच पाहत होती.

मोज्यांचं एकच तिला खटकायचं. चालू इंजिनात डिझेलच्या पाइपाजवळ गेले की ते झटक्यात मागे यायचे आणि पुठ्ठा शोधत फिरायचे. ‘मोज्यांत बिघाड आहे,’ अशी लेखी तक्रारही तिने दिली होती.

इंजिन धडधडत होतं. कुठेतरी डिझेल गळत होतं. गळती चाचपायला तिने हात पुढे नेला, पण वीतभर अंतरावरून तो आपोआप मागे आला. तिने खोक्याचा पुठ्ठा फाडून पाइपालगत फिरवला. सुईसारख्या धारेने पुठ्ठ्याला आरपार भोक पडलं.

तिने वळून पाहिलं. उस्तादांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती.

“उस्ताद, ती तक्रार मी मागे घेते.”

“राहू दे,” ते हसले. “पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी तीच वाचून दाखव. तूच शिकवणार आहेस त्यांना.”