बगळा जेवताना

मासा गिळणाऱ्या बगळ्याचा फोटो मला झकास मिळाला. पण तो अजून मिळालेलाच नाही, असं घटकाभर समजा. तर कळंबा तलावात बगळा पिवळे पाय चिखलात थरथरवून मासे हुसकावत होता, पण माझ्यासमोर एकही गिळत नव्हता. रोलमध्ये शेवटचा फोटो उरलेला. शेजारी म्हैस धुणाऱ्या आक्का भडकल्या, "पावणं, जेवणाऱ्याच्या तोंडाकडं असं बघत्यात व्हय? घास उतरंल का त्याला?" "आक्का, जेवतानाचाच फोटो पायजे." "मग काढा की! पाठ फिरवून काढा." मी फिरलो. आक्का फिरल्या, म्हशीलाही फिरवलं. मागं डुबुक झालं. कॅमेरा खांद्यावरून मागं धरून बटण दाबलं. "गिळला!" आक्का न बघताच ओरडल्या. फोटोत उघडी चोच, हवेत चमकणारा मासा आणि कोपऱ्यात माझा कान. तरी महापालिकेकडून पक्षिनिरीक्षकांसाठी तलावाकडे पाठ करून बसायचा बाक मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.